हेरवाडकरांचं ‘हलू नका’

पद्माकर गोविंद हेरवाडकर हे नाव बंगळूरच्या एका सरकारी संशोधन संस्थेत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. पण त्यांनी काढलेला फोटो मात्र प्रत्येकाच्या खिशात होता. ओळखपत्रांवरचे सगळे फोटो त्यांचे. संचालकांपासून बागेतल्या माळ्यापर्यंत साऱ्यांचे चेहरे त्यांत एकाच तऱ्हेचे दिसत. मान ताठ, ओठ मिटलेले, डोळे समोरच्या भिंतीत रुतलेले. कुणी गमतीनं म्हणे, आपल्या संस्थेत अटक झालेल्या माणसांनाच नोकरी देतात.

हेरवाडकर हे ऐकत आणि मान खाली घालून निघून जात. उत्तर सुचत नसे असं नाही. ते संध्याकाळी संस्थेच्या बसमध्ये, दोमलूरच्या आसपास सुचे.

फोटोची विद्या ते निपाणीला मामांच्या स्टुडिओत शिकले. मामांचा कॅमेरा जुना, उजेड कमी, त्यामुळे गिऱ्हाइकानं पापणी हलवली तर निगेटिव्हची काच फुकट जाई. खुर्चीच्या मागं मानेला टेकू द्यायचा एक लोखंडी चिमटा होता. मामा आधी मराठीत दरडावत, ‘हलू नका’, आणि समोरचा कानडी मुलखातला असला तर ‘अल्लाडबेडि’. दोन्हींचा अर्थ एकच. दहा वर्षांचा पद्माकर हे दोन शब्द इतके ऐकत मोठा झाला, की फोटो काढणं म्हणजे माणसाला हलू न देणं, हे त्याच्या हाडामासात मुरलं. पुढं अडुसष्ट साली बंगळूरला नोकरी लागली. कॅमेरे बदलले, उजेड वाढला, चिमटा निपाणीलाच राहिला. शब्द मात्र बरोबर आले.

त्र्याण्णव साली संस्थेत व्हिडिओ कॅमेरा आला आणि तो वापरायला कुणीतरी हवं म्हणून हेरवाडकरांना डॉक्टर शुभदा आगटे यांच्या हाताखाली दिलं गेलं. आगटेबाई पुण्याच्या, वय चौतीस, बोलणं भरभर. टेलिफोनच्या बारीक तारेतून बोलणाऱ्या माणसाचं हलतं चित्र पाठवायचं, हा त्यांचा प्रकल्प. चित्र फार मोठं आणि तार फार अरुंद, तेव्हा चित्र दाबून लहान करायला हवं; आणि ते काम त्यांनी न्यूरल नेटवर्कवर सोपवलं होतं.

पहिल्याच आठवड्यात हेरवाडकरांनी भीत भीत विचारलं, ‘मॅडम, हे नेटवर्क म्हणजे नक्की करतं काय?’

‘अंदाज बांधतं,’ बाई म्हणाल्या. ‘आधीची दोन चित्रं बघून पुढचं चित्र कसं असेल ते ओळखतं. दोन्ही टोकांना तेच नेटवर्क बसवलेलं. अंदाज बरोबर आला तर तारेतून काही पाठवायलाच नको. जेवढं चुकलं तेवढंच पाठवायचं. घरी काकू तुमचं वाक्य पुरं करतात की नाही?’

‘ती सुरूही करते.’

बाई इतक्या मोठ्यानं हसल्या की हेरवाडकर दचकले. आपण विनोद केला हे त्यांना नंतर कळलं.

‘तसंच हे,’ बाई म्हणाल्या. ‘काकूंना तुमची सवय आहे म्हणून त्यांना ओळखता येतं. याला कुणाचीच सवय नाही. म्हणून माणसं दाखवायची. पुष्कळ दाखवायची. दर वेळी अंदाज चुकला की ते आपल्या आतली आकडेमोड थोडी सुधारून घेतं. तुम्ही मला बोलणाऱ्या माणसांच्या कॅसेटी भरून द्या.’

हेरवाडकरांनी दीड वर्षात शेहेचाळीस कॅसेटी भरून दिल्या. संस्थेतला एकेक माणूस बोलावला, खुर्चीत बसवला, दिवे नीट लावले. माणसाशी काय बोलावं हा त्यांचा जन्माचा प्रश्न. तो त्यांनी सोपा करून टाकला. प्रत्येकाला एक ते शंभर आकडे म्हणायला सांगितले. कुणी फारच शिकलेलं असलं तर इंग्रजी वर्तमानपत्र वाचायला दिलं. माणसं आकडे म्हणत, कॅमेरा चाले. आगटेबाई ती चित्रं संगणकात भरत. चित्रंच फक्त, आवाजाचा त्यांना उपयोग नव्हता, म्हणून आवाजाची तार त्यांनी कधी जोडलीच नाही.

‘हेरवाडकर, किती स्वच्छ चित्रण!’ त्या एकदा म्हणाल्या. ‘एकही फ्रेम फुकट जात नाही तुमची.’

पंचवीस वर्षांच्या नोकरीतली ही पहिली शाबासकी. ती त्यांनी घरी बायकोला तीन दिवसांत थोडी थोडी करून सांगितली.

पंच्याण्णवच्या जानेवारीत तपासणी समिती आली. दोन खोल्या, मधे टेलिफोनची तार. एका खोलीत कॅमेऱ्यासमोर बसायचं, दुसऱ्या खोलीत पडद्यावर बघायचं. आधी आगटेबाईंचा मदतनीस इंजिनिअर विद्याधर बसला. चित्र सुरेख आलं. मग समितीचे अध्यक्ष म्हणाले, मी बसतो. अध्यक्ष म्हैसूरकडचे, निवृत्त प्राध्यापक, गोल चेहऱ्याचे. पलीकडच्या खोलीतून कुणीतरी विचारलं, ‘सर, आवाज नीट येतोय का?’

‘सरी, सरी,’ अध्यक्ष म्हणाले आणि त्यांची मान एकदा डाव्या खांद्याकडं, एकदा उजव्या खांद्याकडं झुलली, जशी बंगळुरात होकार देताना कुणाचीही झुलते.

पडद्यावर त्यांचा चेहरा फुटला. नाक एका चौकोनात, चष्मा तिसऱ्यात, आणि कपाळ मागच्या भिंतीवर चिकटून राहिलेलं. हे चौकोन सावरतात न सावरतात तोच पुन्हा ‘सरी’ झालं आणि बिस्किटांचा पुडा उपडा व्हावा तसा चेहरा पुन्हा विखुरला. समितीतले दोघं तोंडावर रुमाल धरून हसले.

अध्यक्ष हसले नाहीत. ते म्हणाले, ‘डॉक्टर आगटे, पुढच्या गुरुवारी आम्ही पुन्हा बसू. कारण सापडलं नाही तर हा संगणक दुसऱ्या विभागाला द्यावा लागेल. दोन वर्षं झाली आहेत.’

संगणक गेला की प्रकल्प गेला, हे सांगायची गरज नव्हती. बाईंना खरेदी विभागात बसवणार अशी बातमी दुपारच्या जेवणापर्यंत कँटीनमध्ये पोचली. ‘गणितच कच्चं होतं बाईंचं,’ सांबारात इडली बुडवत कुणीतरी म्हणालं. हेरवाडकर शेजारच्या टेबलावर होते. त्यांनी अर्धी इडली तशीच ठेवली.

बाई दोन दिवस आकड्यांत डोकं घालून बसल्या. ‘नेटवर्क लहान पडतंय,’ त्या विद्याधरला म्हणत होत्या. ‘मोठं करावं तर या संगणकाला झेपत नाही.’

इकडं हेरवाडकर तपासणीच्या दिवशी पडद्यावरून भरून घेतलेली कॅसेट नाव घालून कपाटात ठेवणार होते. नाव घालण्याआधी कॅसेट एकदा बघायची ही त्यांची शिस्त. त्यांनी ती बघितली. चेहरा फुटतो तो केव्हा फुटतो? अध्यक्ष बोलत असताना नाही. पापण्या लवल्या तेव्हाही नाही. मान खांद्याकडं कलली की फुटतो. पुन्हा मागं घेऊन बघितलं. कलली, फुटला. मग त्यांनी आपली पहिली कॅसेट काढली आणि कोपऱ्यातल्या टीव्हीवर लावली. एरवी ते आवाज बंद ठेवूनच बघत; आज टीव्हीचा आवाज चालू राहिला होता.

पडद्यावर लेखाविभागातले गृहस्थ ताठ बसलेले. चित्राबाहेरून, अगदी जवळून, एक बारीक आवाज आला, ‘अल्लाडबेडि.’

तो आपला आवाज आहे हे ओळखायला हेरवाडकरांना क्षणभर वेळ लागला.

दुसरी कॅसेट लावली. ‘अल्लाडबेडि, सार.’ नववी. ‘हलू नका हं.’ सतरावी. ‘डोन्ट मूव्ह, प्लीज.’ आणि माणूस आपला पुतळा होऊन एक-दोन-तीन म्हणतोय. शेहेचाळीस कॅसेटींत एकाही माणसाची मान खांद्याकडं कललेली नव्हती. नेटवर्कनं माणूस असाच पाहिला होता. मान कलते हे त्याला कुणी कधी दाखवलंच नव्हतं, मग त्यानं अंदाज बांधावा कशाचा?

हेरवाडकर स्टुलावर बसून राहिले. चूक बाईंच्या गणिताची नव्हती. चूक खुद्द हेरवाडकरांची होती. आणि ती त्यांच्याखेरीज कुणालाही ठाऊक नव्हती.

कोरमंगलाच्या घरी अलकाबाईंनी ताट वाढलं आणि नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं. ‘अहो, काय झालं? भाजीत मीठ स्वल्प कमी आहे ते कळलंय मला.’

त्यांनी सगळं सांगितलं. एवढं सलग ते वर्षभरात बोलले नव्हते.

‘मग सांगा की बाईंना.’

‘निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. मेमो मिळाला तर कायमचा फायलीत बसेल. म्हणतील, हेरवाडकरनं दीड वर्ष वाया घालवलं.’

‘आणि नाही सांगितलं तर?’

‘तर म्हणतील, बाईंनी घालवलं.’

अलकाबाईंनी त्यांच्या वाटीत आमटी वाढली. ‘ती पोर तुम्हाला काका म्हणते ना?’

‘अधूनमधून.’

‘उद्या सांगा.’

‘कसं सांगू?’

‘तोंडानं.’

पण तोंडानं जमलं नाही. सकाळी ते बाईंच्या दारापर्यंत गेले आणि दिव्याचा बल्ब बदलायचाय का, असं विचारून परत आले. दुपारी पुन्हा गेले. बाई म्हणाल्या, ‘काय हो?’ तर ते म्हणाले, ‘काही नाही, पंखा बराच आवाज करतोय.’ विद्याधर नागपूरचा, जीभ सैल. तो म्हणाला, ‘हेरवाडकर साहेब, आज मेंटेनन्सला बदली झाली काय जी तुमची?’

चार वाजता मात्र ते टीव्हीच ढकलत घेऊन आले. चाकांच्या टेबलावर टीव्ही, खाली व्हीसीआर, काखेत कॅसेटी. एक शब्द न बोलता त्यांनी तार जोडली आणि आवाज मोठा केला.

‘अल्लाडबेडि.’

दुसरी. ‘हलू नका.’

तिसरी. ‘अल्लाडबेडि, सार, स्वल्प हीगे, हां, अल्लाडबेडि.’ मान जरा अशी, एवढं सांगून पुन्हा तेच.

पाचव्या कॅसेटीला बाईंनी दोन्ही हातांत डोकं धरलं आणि त्यांचे खांदे हलू लागले. बाई रडताहेत असं हेरवाडकरांना वाटलं. बाई हसत होत्या. मग त्या हसायच्या थांबल्या आणि ताडकन उभ्या राहिल्या.

‘दीड वर्ष, हेरवाडकर! दीड वर्ष मी पुतळे शिकवत होते याला? तुम्ही प्रत्येकाला सांगत होतात हलू नका म्हणून? हलत्या चित्रात?’

‘होय, मॅडम.’

‘का पण?’

‘फोटो हलला असता,’ हेरवाडकर म्हणाले.

विद्याधरनं खिडकीकडं तोंड फिरवलं. बाई येरझाऱ्या घालू लागल्या. चौथ्या फेरीला त्यांचा राग थोडा उतरला. ‘मीही आवाज लावून एकदासुद्धा बघितलं नाही,’ त्या स्वतःशीच म्हणाल्या. ‘चित्रं स्वच्छ आहेत म्हणून खूश होते. चाचणीचे आकडेही छान येत होते. छान येणारच. पुतळ्यांवर शिकवायचं आणि पुतळ्यांवरच परीक्षा घ्यायची.’ मग त्या टेबलाशी टेकल्या. ‘बरं झालं सांगितलंत. गुरुवारी मी बघते काय ते.’

गुरुवारी समिती बसली. हेरवाडकर शेवटच्या रांगेमागं प्रोजेक्टरपाशी उभे होते. स्लाइड बदलायच्या एवढंच त्यांचं काम. बाईंनी सांगितलं की नमुन्याचं चित्रण एकांगी होतं, माणसं अनैसर्गिक ताठ बसवली होती, नवं चित्रण केलं तर सुधारणा होईल.

‘कुणी बसवली ताठ?’ अध्यक्षांनी विचारलं.

‘प्रकल्प माझा आहे, सर. जबाबदारी माझी.’

‘ते झालंच. पण नव्या चित्रणात तीच चूक होणार नाही कशावरून? पद्धत कुणाची होती ते कळायला नको?’

प्रोजेक्टरचा पंखा घरघरत होता. हेरवाडकरांनी या प्रसंगासाठी एक इंग्रजी वाक्य पाठ करून ठेवलं होतं. बसमध्ये दहा वेळा घोकलेलं ते वाक्य नेमकं तेव्हा पार पुसलं गेलं. तोंडातून निघालं ते कानडी. त्या कानडीचा अर्थ असा:

‘मी, सार. मी फोटोग्राफर आहे. मीच सगळ्यांना सांगितलं हलू नका म्हणून. बाईंना ठाऊक नव्हतं. त्यांचं गणित बरोबर आहे. त्याला मी चुकीची माणसं दाखवली.’

इतकी वाक्यं एका दमात. सगळ्या माना मागं वळल्या. हेरवाडकरांना वाटलं, प्रोजेक्टरच्या उजेडात आपण उघडे पडलो आहोत. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. मग तेही कानडीतच बोलले.

‘आणि आता कशी माणसं दाखवणार?’

‘बोलणारी, सार.’

‘ते आकडे बोलतच होते की.’

‘आकडे म्हणणं म्हणजे बोलणं नव्हे, सार.’

अध्यक्षांनी शेजारच्या सदस्याकडं बघितलं. पाच महिने मिळाले. अट एकच: संस्थेबाहेरची माणसंही घ्यायची.

आता खरी पंचाईत सुरू झाली. माणसं बोलायला हवीत म्हणजे त्यांच्याशी कुणीतरी बोलायला हवं. बाई म्हणाल्या, विद्याधर बोलेल. पण विद्याधरला कानडी येत नसे, आणि त्याच्या हिंदीला माणसं मान हलवण्याऐवजी घड्याळाकडं बघत. शेवटी ते हेरवाडकरांवरच आलं.

पहिले तीन दिवस भयंकर गेले. समोर माणूस बसलेला, इकडं हेरवाडकर, मधे कॅमेरा, आणि कुणीच बोलत नाही. ‘जेवण झालं का?’ ‘झालं.’ ‘बरं.’ अशी एक अख्खी कॅसेट भरली.

चौथ्या दिवशी गौरम्मा आल्या. मारतहळ्ळीत त्यांची चहा-नाश्त्याची टपरी होती, मूळच्या मंड्याच्या. त्याही गप्प. अंगावरचा पदर सारखा नीट करत होत्या. हेरवाडकरांनी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, ‘अक्का, चहात गूळ घालता की साखर?’

‘गूळ. आमचा मंड्याचा.’

‘मंड्याचा?’ हेरवाडकर म्हणाले. खोडी काढायचा विचार मुळीच नव्हता. जे मनात होतं तेच बाहेर पडलं. ‘पण गूळ खरा कोल्हापूरचा हो.’

गौरम्मांनी पदर सोडला. ‘काय म्हणालात, सार?’ त्यांची मान डावीकडं गेली, उजवीकडं गेली, हात वर आले, भुवया कपाळात शिरल्या. मंड्याचा ऊस, मंड्याचं पाणी, त्यांच्या वडिलांचं गुऱ्हाळ, आणि कोल्हापूरच्या गुळात काय काय मिसळतात याची त्यांना असलेली खात्रीलायक माहिती, हे सगळं वीस मिनिटं चाललं. हेरवाडकरांनी मधून मधून ‘छे’ एवढंच म्हटलं. प्रत्येक ‘छे’ला गौरम्मा खुर्चीच्या टोकावर येत.

कॅसेट संपल्यावर त्या उठल्या आणि म्हणाल्या, ‘उद्या पुडा घेऊन येते. खाऊन बघा, मग बोला.’

हेरवाडकरांना युक्ती सापडली. धारवाडच्या माणसासमोर ते पेढा सोडून बेळगावच्या कुंद्याचं कौतुक करत. म्हैसूरच्या माणसाला विचारत, तुमच्याकडच्या डोशाचं एवढं काय घेऊन बसलात? मल्लेश्वरमच्या निवृत्त मास्तरांना ते म्हणाले, जयनगरात हवा जास्त थंड असते. मास्तर पाऊण तास बोलले. सर्जापूरकडचा एक शेतकरी उठून कॅमेऱ्याच्या मागं येऊन त्यांना समजावू लागला, ती कॅसेट वाया गेली. माणसं तावातावानं मान डोलवत, नाकारताना हलवत, हसताना मागं टाकत. हेरवाडकर समोर बसून नम्रपणे चुकीची मतं मांडत.

‘काका, तुम्ही तर भांडण लावायचं खातं उघडलंत,’ बाई म्हणाल्या. त्या आता बहुतेक काकाच म्हणत.

घरी अलकाबाईंना मात्र काळजी वाटू लागली. ‘अहो, काल बसस्टॉपवर त्या म्हाताऱ्याशी कशाला वाद घातलात?’

‘सवय राहावी म्हणून,’ हेरवाडकर म्हणाले.

नेटवर्कला नव्या कॅसेटी शिकवायला सात आठवडे लागले. जूनमध्ये समिती आली. अध्यक्ष कॅमेऱ्यासमोर बसले आणि पहिल्यांदा मुद्दामच मान वेडीवाकडी हलवू लागले. तसं कुणी हलवत नाही, त्यामुळं चित्र थोडं डळमळलं. मग कुणीतरी त्यांना कॉफी हवी का विचारलं आणि ते आपोआप बोलले, मान आपोआप झुलली. पडद्यावर चेहरा चेहऱ्यासारखा झुलला. कानाजवळ जरासा धुरकट डाग पडला, एवढंच. प्रकल्पाला आणखी एक वर्ष मिळालं आणि संगणक होता तिथंच राहिला.

त्यानंतर महिनाभरानं बाईंनी अहवाल लिहिला. टंकलिखित मसुदा हेरवाडकरांकडं आला तो फोटोंच्या जागा ठरवण्यासाठी. त्यांनी इंग्रजी हळूहळू वाचलं. बाराव्या पानावर होतं: नमुन्याच्या चित्रणातील दोष एका कर्मचाऱ्याच्या पद्धतीमुळे निर्माण झाला होता, तो त्याच कर्मचाऱ्याने स्वतः निदर्शनास आणून दिला व नंतर दूर केला.

त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. नाव नव्हतं. मेमोही आला नव्हता, आणि आता येणारही नव्हता. त्यांनी फोटोंच्या जागा पेन्सिलीनं आखल्या, कागद सारखे केले आणि ते बाईंकडं निघाले. जिना चढताना त्यांच्या लक्षात आलं, की त्या सुटकेनं आपल्याला बरं वाटत नाहीये.

‘झालं?’ बाईंनी हात पुढं केला.

हेरवाडकरांनी कागद दिले नाहीत. ‘मॅडम, बाराव्या पानावर...’

‘काही चुकलंय?’

‘नाही. ते ‘एक कर्मचारी’ असं आहे.’

‘मुद्दामच तसं लिहिलंय. तुमचं नाव नको म्हणून.’

हेरवाडकर दाराच्या चौकटीकडं बघत म्हणाले, ‘घातलं तर चालेल का?’

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. ‘काका, दोषाच्या पुढं नाव जाईल. हा अहवाल ग्रंथालयात राहतो. तुम्ही निवृत्त झाल्यावरही कुणी ना कुणी वाचत राहील.’

‘वाचू दे की,’ हेरवाडकर म्हणाले. ‘तो मीच होतो.’

बाईंनी मसुदा ओढून घेतला, बारावं पान काढलं आणि पेनचं टोपण उघडलं.

‘आद्याक्षरं सांगा.’

‘प. गो.,’ हेरवाडकर म्हणाले, आणि बाई नीट लिहिताहेत ना, ते वाकून बघू लागले.